अणुऊर्जेत मदत घ्यायची तर बाहेरच्यांची तपासणी का करू द्यायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की अणुऊर्जेच्या शांततामय वापरासाठी देशादेशांत जे सहकार्य चालतं त्यात मदत किती आणि पाळत किती, आयएईए म्हणजे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था नेमकी कोणाच्या बाजूची, आणि बाहेरची माणसं आपल्या प्लँटमध्ये शिरून मोजमाप करणार असतील तर कुठल्याही स्वाभिमानी देशानं ते का चालवून घ्यावं. शेवटी तुम्ही हेही विचारलंय की फिजिक्स शिकणाऱ्या मुलामुलींना या क्षेत्रात यायला वाट आहे का. मी मेडिकल फिजिसिस्ट आहे, बरीच वर्षं रेडिओथेरपीत काढलीत, डोसच्या ऑडिटशी आणि नव्या लोकांच्या ट्रेनिंगशी जवळचा संबंध आलाय. म्हणून मी अणुवीज आणि बॉम्ब यांच्यापासून सुरू न करता हॉस्पिटलपासून सुरू करते, कारण मदत आणि तपासणी हे एकच काम आहे हे तिथे सगळ्यात स्पष्ट दिसतं.

कॅन्सरच्या पेशंटला रेडिएशन देताना मशीनवर आम्ही डोस सेट करतो, समजा २ ग्रे (ग्रे म्हणजे शरीरात शोषलं गेलेलं रेडिएशन मोजायचं एकक). आता ते खरंच २ ग्रे आहे हे कशावरून? आमच्याकडे आयन चेंबर असतो, त्यानं आम्ही बीम मोजतो, पण तो चेंबर बरोबर आहे हे कशावरून, तर तो देशातल्या स्टँडर्ड लॅबमध्ये कॅलिब्रेट केलेला असतो, त्या लॅबचा चेंबर आयएईएच्या लॅबशी जुळवलेला असतो आणि तिथून साखळी पॅरिसजवळच्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयातल्या मूळ मानकापर्यंत जाते. आणि एवढं करूनही चूक राहू शकते, कारण चेंबर बरोबर असला तरी मोजणीला गुणायचा फॅक्टर चुकीचा लावला, अंतर चुकीचं धरलं, कॉम्प्युटरमध्ये डेटा चुकीचा भरला तर डोस चुकणारच. वाईट म्हणजे हे कळत नाही. रोज तोच चेंबर, तोच फॅक्टर, तेच आकडे, सगळं रोज जुळतं. एकच घड्याळ घरात असलं की ते नेहमी बरोबरच वाटतं, तसं. पेशंटला त्या दिवशी काहीच जाणवत नाही. डोस कमी पडला असेल तर गाठ काही महिन्यांनी परत येते, जास्त झाला असेल तर निरोगी टिश्यू जळतात, आणि तोवर त्याच मशीनवर आणखी कितीतरी पेशंट होऊन गेलेले असतात.

याच्यासाठी १९६९ पासून आयएईए आणि जागतिक आरोग्य संघटना मिळून एक पोस्टल ऑडिट चालवतात. पोस्टानं डोस नोंदवणाऱ्या छोट्या कॅप्सूल येतात, पूर्वी त्यात लिथियम फ्लोराइडची पावडर असायची, २०१७ पासून काचेचे बारके डोसिमीटर असतात. हॉस्पिटलनं ते पाण्यात ठराविक खोलीवर ठेवायचे, पेशंटला देतात तसा २ ग्रे डोस द्यायचा आणि परत पाठवायचे. व्हिएन्नाजवळ सायबर्सडॉर्फला आयएईएची लॅब आहे तिथे ते वाचतात आणि तुम्ही म्हणता तो डोस आणि त्यांना मिळालेला डोस यांची तुलना करतात. फरक ५ टक्क्यांच्या आत असेल तर ठीक. बाहेर गेला तर हॉस्पिटलला पुन्हा सेट पाठवतात, पण किती आणि कुठल्या बाजूला चुकलं हे मुद्दाम सांगत नाहीत, नाहीतर माणूस उत्तर बघून गणित जुळवणार. तरीही जुळलं नाही तर तज्ज्ञ स्वतः येऊन शोध घेतात. निकाल गुप्त राहतो, कुणाची बदनामी होत नाही. सुरुवातीच्या काळात भाग घेणाऱ्या हॉस्पिटलांपैकी जेमतेम निम्मी या मर्यादेत बसायची, आज बहुतेक सगळी बसतात. मला विचाराल तर अणुक्षेत्रातल्या सगळ्या सहकार्यात हे काम मी सगळ्यात वर ठेवीन. यावर बातम्या होत नाहीत, सह्या करतानाचे फोटो नसतात, पण माणसं वाचतात. आणि आता सांगा, ही मदत म्हणायची की तपासणी?

हाच विचार घेऊन अणुइंधनाकडे या. ८ डिसेंबर १९५३ ला अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू' ही कल्पना मांडली, १९५५ मध्ये जिनिव्हाला मोठी परिषद झाली जिचे अध्यक्ष होमी भाभा होते आणि जिथे तोपर्यंत गुप्त असलेली कितीतरी माहिती पहिल्यांदा उघडपणे मांडली गेली, आणि २९ जुलै १९५७ ला आयएईए अस्तित्वात आली. तिच्या घटनेतच दोन्ही कामं शेजारी शेजारी आहेत, अणुऊर्जेचा उपयोग शांतता, आरोग्य आणि समृद्धीसाठी वाढवायचा आणि दिलेली मदत लष्करी कामासाठी वळवली जाणार नाही हे बघायचं. हे मुद्दाम एकत्र ठेवलंय कारण मटेरियल तेच असतं. वीज करणाऱ्या रिॲक्टरच्या वापरलेल्या इंधनात प्लुटोनियम तयार होतंच, आणि विजेसाठी युरेनियम ४-५ टक्क्यांपर्यंत समृद्ध करणारी, म्हणजे त्यातल्या यू-२३५ या प्रकाराचं प्रमाण वाढवणारी, सेंट्रिफ्यूज नावाची वेगानं फिरणारी यंत्रं पुढे आणखी चालवत ठेवली तर ते बॉम्बला लागतं तसं ९० टक्क्यांपर्यंतही नेता येतं. यंत्राकडे बघून हेतू कळत नाही, त्यामुळे हिशोब ठेवावा लागतो.

आणि तो अक्षरशः हिशोब असतो. किती किलो आलं, किती वापरलं, किती शिल्लक, किती कचऱ्यात गेलं, ताळा जमतोय का. आयएईएच्या लेखी ८ किलो प्लुटोनियम किंवा अतिसमृद्ध युरेनियममधलं २५ किलो यू-२३५ एवढं जर हिशोबातून गायब झालं तर त्यातून एक बॉम्ब होण्याची शक्यता नाकारता येत नाही, म्हणून तेवढं गायब झालं तर वेळेत कळलंच पाहिजे या हिशोबानं सगळ्या भेटी, सील आणि कॅमेरे बसवलेले असतात. इन्स्पेक्टर कापडाच्या तुकड्यानं भिंत, टेबल, पाइप पुसून नमुना घेतात आणि लॅबमध्ये त्यावरचे सूक्ष्म कण तपासले की तिथे युरेनियम किती समृद्ध केलं गेलंय हे कळतं. १९९२ मध्ये उत्तर कोरियानं आपण किती प्लुटोनियम वेगळं केलं ते कळवलं, पण नमुन्यांच्या विश्लेषणात ते त्या सांगण्याशी जुळेना, आणि तिथून तो सगळा प्रश्न उघडा पडला. कुणा गुप्तहेरानं आधी काय सांगितलं ते बाजूला ठेवा, मोजमापातली विसंगती स्वतः बोलली.

पण ही पद्धत नेहमीच पुरली असं नाही. इराकमध्ये १९९१ च्या युद्धानंतर कळलं की जाहीर केलेल्या ठिकाणांवर नियमित तपासणी चालू असताना बाजूला, न सांगितलेल्या जागी, वेगळाच कार्यक्रम चालू होता. म्हणजे दाखवलेल्या वहीचा ताळा जमत होता, पण दुसरी वही होती. त्यानंतर १९९७ मध्ये ॲडिशनल प्रोटोकॉल म्हणजे जादा तपासणीचा करार आला, ज्यात देशाला खाणीपासून संशोधनापर्यंत जास्त माहिती द्यावी लागते आणि इन्स्पेक्टरना जास्त जागी, कमी वेळाच्या नोटिशीवर जाता येतं. हे तुम्हाला पाळत वाटेल, मान्य आहे, पण उलट बाजूनंही बघा. दक्षिण आफ्रिकेनं १९९३ मध्ये जाहीर केलं की आमच्याकडे सहा बॉम्ब तयार होते आणि ते आम्ही मोडून टाकलेत. नुसत्या शब्दावर कुणी विश्वास ठेवला असता का? त्यांनी जुनी रेकॉर्ड उघडली, आयएईएनं ती तपासली, आणि म्हणून ते मोडलेत हे जगानं मानलं. खरं बोलणाऱ्या देशाला तपासणीची गरज जास्त असते, कारण आपला खरेपणा सिद्ध करायला त्याच्याकडे दुसरं काही नसतं.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण ब्राझील आणि अर्जेंटिनाचं आहे. दोघं शेजारी, दोघांचे अणुकार्यक्रम, दोघांना एकमेकांचा संशय. १९९१ मध्ये त्यांनी एबीएसीसी नावाची संयुक्त संस्था काढली जिच्यात ब्राझीलचे इन्स्पेक्टर अर्जेंटिनाचे प्लँट तपासतात आणि अर्जेंटिनाचे ब्राझीलचे. वरून आयएईए आहेच. ज्याच्याबद्दल संशय आहे त्याच्याच हातात मोजपट्टी देणं यासाठी हिंमत लागते, आणि त्यांनी ती दाखवली.

तुमच्या प्रश्नातला राग मात्र मी खोटा म्हणणार नाही. अण्वस्त्र प्रसारबंदी करार १९७० मध्ये लागू झाला त्यात पाच देशांना अण्वस्त्रधारी मानलं गेलं आणि करारात येणाऱ्या बाकीच्यांनी पूर्ण तपासणी मान्य करायची असं ठरलं. कलम ४ म्हणतं की शांततामय वापराचा सगळ्यांना हक्क आहे, कलम ६ म्हणतं की नि:शस्त्रीकरणासाठी प्रामाणिकपणे वाटाघाटी करा, आणि ६ व्या कलमाचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. ही असमानता खरी आहे आणि ती नाकारून कुणाला पटवता येणार नाही. पुरवठ्याचंही तसंच. तारापूरच्या दोन अमेरिकन रिॲक्टरसाठी १९६३ च्या करारानुसार अमेरिकेनं समृद्ध युरेनियम द्यायचं होतं, पण १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर आणि अणुनिर्यातीवर बंधनं घालणाऱ्या १९७८ च्या अमेरिकन कायद्यानंतर ते थांबलं, मग फ्रान्सनं काही काळ दिलं, पुढे चीन आणि रशियाकडूनही आलं. चूक कोणाची यावर लोक अजूनही भांडतात, मी त्यात पडत नाही, पण जगभरच्या देशांनी त्यातून एवढं नक्की घेतलं की इंधन एकाच देशाकडून येत असेल तर त्या देशाची संसद तुमचा रिॲक्टर थांबवू शकते. मग प्रत्येक देश म्हणायला लागतो की मी स्वतःच समृद्धीकरण करणार, आणि त्यातून संशय आणखी वाढतो.

त्यावर एक चांगला उपाय निघाला तो म्हणजे कमी समृद्ध युरेनियमची बँक. कझाकस्तानात ओस्केमेनच्या धातू कारखान्यात आयएईएच्या मालकीचा ९० टन साठा आहे, गोदाम २०१७ मध्ये उघडलं आणि युरेनियम २०१९ मध्ये पोचलं. नेहमीच्या बाजारातून राजकीय कारणानं एखाद्या देशाला इंधन मिळेनासं झालं आणि त्या देशाचा तपासणीचा हिशोब स्वच्छ असेल तर तो इथून विकत घेऊ शकतो. पैसे सगळे देणग्यांतून उभे राहिले, त्यात अमेरिका, युरोपियन युनियन, नॉर्वे, कुवेत, अमिराती आणि गुंतवणूकदार वॉरेन बफेंच्या पाठिंब्यानं आलेले ५ कोटी डॉलर होते. एका मोठ्या रिॲक्टरच्या गाभ्याला पुरेल एवढाच तो साठा आहे, पण तो कुठल्याच एका देशाच्या हातात नाही, आणि तिथेसुद्धा बघा, मदतीची अट तपासणीच आहे.

अपघातांच्या बाबतीत तर मोकळेपणाची किंमत जगानं फार मोठी मोजलीय. चेर्नोबिल २६ एप्रिल १९८६ ला झालं आणि बाहेरच्या जगाला ते कळलं २८ तारखेला सकाळी स्वीडनच्या फोर्समार्क प्लँटमध्ये कामगारांच्या बुटांवर किरणोत्सार सापडल्यावर, सोव्हिएत सरकारनं तोंड उघडलं त्या दिवशी संध्याकाळी. मधल्या काळात ढग कुठे कुठे जाऊन बरसला होता आणि लहान मुलं तिथल्या गवतावर चरलेल्या गाईंचं दूध पीत होती. त्यानंतर पाच महिन्यांत, २६ सप्टेंबर १९८६ ला, अपघात झाला की ताबडतोब कळवायचं आणि मागितलं तर मदत द्यायची असे दोन करार झाले, आणि १९८९ मध्ये अणुवीज चालवणाऱ्या कंपन्यांनी स्वतःची वानो ही संघटना काढली ज्यात एका देशाचे ऑपरेटर दुसऱ्या देशाच्या प्लँटमध्ये जाऊन चुका दाखवतात. १९८७ मध्ये ब्राझीलच्या गोयानियात बंद पडलेल्या क्लिनिकमधून सीझियम-१३७ चा किरणोत्सारी सोर्स भंगारात गेला, लोकांनी तो फोडला, निळसर चमकणारी पावडर घराघरांत वाटली गेली, चार माणसं मेली. ब्राझीलनं मदत मागितली, बाहेरून डॉक्टर आणि तज्ज्ञ गेले, आणि नंतर सगळा अहवाल उघडपणे छापला गेला. २००१ मध्ये पनामाच्या कॅन्सर हॉस्पिटलात निरोगी भाग झाकणाऱ्या शील्डिंग ब्लॉकचा डेटा कॉम्प्युटरमध्ये ज्या पद्धतीनं भरला जात होता त्यामुळे २८ पेशंटना जास्त डोस गेला, तेव्हाही पनामानं स्वतः बोलावून चौकशी करून घेतली. ते अहवाल मी ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येकाला पूर्ण वाचायला लावते, सारांश नाही. ज्या देशांनी आपली इतकी दुखरी गोष्ट जगासमोर ठेवली त्यांच्यामुळे कुठल्यातरी तिसऱ्या देशात कुणीतरी वाचलंय.

राजकारण बाजूला ठेवलं की काय होतं तेही सांगते. १९८८ मध्ये लिबियात स्क्रूवर्म नावाची माशी सापडली, ही जनावरांच्या जखमेत अंडी घालते आणि अळ्या जिवंत मांस खातात, माणसालाही सोडत नाही. ती मूळची अमेरिका खंडातली, आफ्रिकेत पसरली असती तर गुरं आणि जंगली प्राणी दोन्ही गेले असते. उपाय होता रेडिएशननं नर वांझ करून सोडायचा, म्हणजे मादीची अंडी उबतच नाहीत. असे नर तयार करणारा कारखाना मेक्सिकोत होता आणि तो मेक्सिको आणि अमेरिका मिळून चालवायचे, आणि अमेरिकेनं १९८६ मध्येच लिबियावर बॉम्ब टाकलेले. तरीही अन्न व कृषी संघटना आणि आयएईए यांनी मध्ये पडून ते जुळवलं, विमानांनी आठवड्याला कोट्यवधी माशा अटलांटिक ओलांडून नेल्या, आणि १९९२ मध्ये माशी संपल्याचं जाहीर झालं. याच पद्धतीनं झांझिबारच्या उंगुजा बेटावरून १९९७ पर्यंत त्सेत्से माशी गेली.

आता जिथे सहकार्य अजून पातळ आहे तेही सांगायला हवं. हाडांचे आणि हृदयाचे न्यूक्लियर स्कॅन होतात त्यातले बहुतेक टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी पदार्थावर होतात. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं विरून जायला लागणारा वेळ, ६ तास, आणि ते ज्याच्यापासून मिळतं त्या मॉलिब्डेनम-९९ चं ६६ तास, म्हणजे साठवून ठेवता येत नाही, दर तासाला साधारण एक टक्का माल विरून जातो असं समजा. आणि जगाला ते पुरवणारे मोठे रिॲक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याएवढे, तेही बरेचसे जुने. २००९ च्या मे महिन्यात कॅनडाचा एनआरयू रिॲक्टर गळतीमुळे बंद पडला तो २०१० च्या ऑगस्टपर्यंत, आणि मधेच नेदरलँड्सचा पेटेनचा रिॲक्टरही दुरुस्तीला गेला. जगभर स्कॅन पुढे ढकलले गेले. तेव्हा पोलंडचा मारिया रिॲक्टर कामाला लागला, दक्षिण आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियानं उत्पादन वाढवलं, आणि मग रिॲक्टर एकाच वेळी देखभालीला बंद होऊ नयेत म्हणून वेळापत्रकं जुळवायला सुरुवात झाली. याच्या जोडीला वाहतुकीचा त्रास, विमानाचे कॅप्टन किंवा बंदरं किरणोत्सारी पार्सल घ्यायला नकार देतात, नियम पाळून पॅक केलेलं असलं तरी, आणि पार्सल एका एअरपोर्टवर अडकलं की पेशंटचा डोस तिथेच विरून जातो. या गोष्टीवर समित्या झाल्या, पण मला विचाराल तर हवी तेवढी घाई अजून नाही.

आणि पैसा. आयएईएमध्ये तपासणीचा खर्च नियमित बजेटमधून होतो जे प्रत्येक सदस्यानं भरायचंच असतं, पण तांत्रिक मदतीचा निधी ऐच्छिक देणग्यांवर चालतो. म्हणजे मी वर म्हटलं की दोन्ही एकच काम आहे, पण तिजोरीत मात्र ती वेगळी ठेवलीत, आणि हे मला चुकीचं वाटतं, अगदी मनापासून. २०२२ च्या सुमाराला आफ्रिकेत २० पेक्षा जास्त देशांत रेडिओथेरपीचं एकही मशीन नव्हतं. २०२२ मध्ये आयएईएनं त्यासाठी 'रेज ऑफ होप' सुरू केलं ते चांगलंच झालं, पण मशीन देऊन भागत नाही. कोबाल्ट मशीन असेल तर ५.२७ वर्षांत त्यातला किरणोत्सारी सोर्स निम्मा होतो, तो बदलायला पैसे कुठून, जुना सोर्स परत कोण घेणार हे खरेदीच्या आधी लिहून घ्यावं लागतं, नाहीतर गोयानियासारखी गोष्ट कुठेतरी गोदामात पडून राहते. लिनॅक म्हणजे विजेवर रेडिएशन तयार करणारं मशीन असेल तर स्थिर वीज, स्पेअर पार्ट आणि सर्व्हिस इंजिनियर लागतो. आणि सगळ्यात आधी फिजिसिस्ट लागतो, जो शिकून परदेशात निघून जाणार नाही अशी नोकरी आणि पगार तिथे असेल तरच टिकतो.

म्हणून तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येते. वाट आहे, आणि माणसांची खरंच कमतरता आहे. इटलीत ट्रिएस्टला पाकिस्तानी भौतिकशास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी १९६४ मध्ये उभारलेलं आयसीटीपी हे भौतिकशास्त्राचं केंद्र आहे, तिथे ट्रिएस्ट विद्यापीठाबरोबर मेडिकल फिजिक्सचा दोन वर्षांचा मास्टर्स चालतो ज्यात दुसऱ्या वर्षी हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम करावं लागतं, आणि तो मुख्यतः विकसनशील देशांतल्या लोकांसाठी आहे. मुलींसाठी आयएईएची मेरी स्क्लोदोव्स्का-क्युरी फेलोशिप २०२० पासून आहे, न्यूक्लियर विषयात मास्टर्स करणाऱ्या विद्यार्थिनींना ती फी आणि राहण्याचा खर्च ठराविक मर्यादेपर्यंत देते आणि नंतर इंटर्नशिपची संधीही. सेफगार्ड्सकडे, म्हणजे आयएईएच्या या तपासणीच्या कामाकडे, जायचं असेल तर नुसतं रिॲक्टर फिजिक्स नको, मास स्पेक्ट्रोमेट्री (अणूंचं वस्तुमान मोजून पदार्थ ओळखणं), सांख्यिकी आणि सॅटेलाइट चित्रं वाचणं यातलं काहीतरी नीट शिका, त्या लोकांची तिथे गरज असते. आणि कुठेही गेलात तरी मोजमापातली अनिश्चितता लिहायला आधी शिका, प्रत्येक आकड्यापुढे प्लस-मायनस किती ते, मी उमेदवारांना पहिला प्रश्न त्यावरच विचारते.